सात कोर्सचे जेवण आणि शेवटची पंगत

महागड्या उपाहारगृहातील जेवणाची टिंगल करणे मराठी लेखकाला फार सोपे जाते. भल्यामोठ्या बशीत मधोमध चिमूटभर पदार्थ, त्यावर दोन पाने, बाजूला रेघोटीसारखी ओढलेली चटणी आणि शेवटी महिन्याच्या किराण्याएवढे बिल, एवढ्या सामग्रीवर विनोदी लेख सहज उभा राहतो. आम्ही पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे पतिपत्नी. लग्नाच्या विसाव्या वाढदिवशी मुंबईत असे सात कोर्सचे जेवण जेवून निघालो, तेव्हा तो लेख मनात जवळजवळ तयार होता. तो आम्ही लिहिला नाही.

टिंगलीला जागा होतीच. चौथ्या कोर्सला काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून आणलेली 'पोपटी' आली. घुमट उचलला, धूर विरला. आत वालाचे पाच दाणे आणि अंड्याचा एक काप. वाढणाऱ्या तरुणाने पोपटी म्हणजे काय, हे आम्हां रायगडकरांना इंग्रजीत समजावून सांगितले! आमच्याकडे थंडीत शेतावर मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ भरतात, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. शेंग सोलणे हा त्यातला अर्धा आनंद. इथे शेंगच नव्हती.

पण याहून आपले भरलेले ताट बरे, असे म्हणताना आम्ही अडखळलो. एकामागून एक पदार्थ आणून वाढण्याची 'रशियन' म्हणवली जाणारी रीत फ्रान्समध्ये १९व्या शतकात रुजली. त्याआधी तेथेही अनेक पदार्थ एकदमच मेजावर मांडत. उलट आपल्याकडे १२व्या शतकातील 'मानसोल्लासा'त राजाच्या भोजनाचा क्रम सांगितलेला आहे, आणि पंगतीत वरणभाताने आरंभ, ताकभाताने शेवट हेही ठरलेलेच. तेव्हा क्रम परका नाही. मात्र क्रमाने आणि गरम वाढायचे, तर कोणीतरी उभे असावे लागते.

आपल्या खाद्यविषयक साहित्यात हे उभे असलेले माणूस फारसे दिसत नाही. पु. ल. देशपांड्यांचा 'माझे खाद्यजीवन' आम्ही आवडीने वाचतो, वर्गात त्याचे दाखले देतो; तो जेवणाऱ्याच्या जिभेने लिहिलेला आहे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली, ती वाटी-चमच्याच्या मापांत करणारीशी बोलते. जेवणाऱ्याचे लेखन ललित ठरले आणि करणारीचे उपयुक्त. दुर्गाबाई भागवतांच्या 'खमंग'सारखा अपवाद सोडला, तर ही वाटणी आपण अभ्यासक्रमातही निमूटपणे पाळली आहे. 'स्मृतिचित्रे' शिकवताना आरंभीच्या सोवळ्याच्या प्रसंगांना वर्ग हसतो, आणि आम्हीही त्या हसण्यात सामील होतो. त्या सोवळ्याखाली घरातल्या बायका केव्हा आणि काय जेवत असतील, असा प्रश्न परीक्षेत आम्ही कधी काढलेला नाही.

त्या रात्री पहिली बशी आली, तेव्हा आमच्यापैकी एकीने सवयीने उठायला खुर्ची मागे सरकवली. तिसऱ्या कोर्सपर्यंत तिला स्वस्थ बसणे जमेना. दोन तास समोरासमोर बसून, कोणीही न उठता, प्रत्येक पदार्थ दोघांनी एकाच वेळी गरम खाल्ला. वीस वर्षांत आमच्या घरात असे एकही जेवण झाले नव्हते, आणि आमच्यापैकी दुसऱ्याच्या ते तोवर ध्यानातही आले नव्हते. 'आम्ही' म्हणून लिहिण्याची आमची सवय किती सोयीची आहे, हेही तेव्हा जाणवले.

त्यामुळे त्या बिलाला आम्ही उधळपट्टी म्हणायला तयार नाही. वालाचे पाच दाणे मात्र हास्यास्पदच होते.

निघताना साडेअकरा वाजले होते. वाढणाऱ्या तरुणाला विचारले, जेवलास का? सगळी टेबले उठली की, असे तो मराठीत म्हणाला.