मराठी तांत्रिक लेखनात ‘एमआर’ ही दोन अक्षरे का हवीत?

कुर्डुवाडीतल्या वेब डेव्हलपरला मराठीत तांत्रिक लेखन सुरू करायचे, तर जागेचा खर्च अडत नाही. गिटहब पेजेसवर साधे संकेतस्थळ मोफत चालते. अडते ते भाषेच्या खुणेवर. अनेक तयार साच्यांत पानाची भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी असते. एचटीएमएलमध्ये तिथे ‘एमआर’ केले, की दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकते. सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ही हिंदी नव्हे, मराठी वळणाचे दिसतात. राज्य सरकारने २००९ मध्ये हीच वळणे प्रमाण ठरवली. गेज बदलल्यामुळे एकेकाळी बार्शी लाइटचा माल कुर्डुवाडीतच उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. इथे जुळणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कोड मात्र रोमनमध्येच ठेवावा, वाचकाला तो उतरवून लगेच चालवता येतो.