घराचे मोल कोणी ठरवावे?

गोंदिया जिल्ह्यात धानाचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीच्या आवारात, खरेदी केंद्रांवर आणि राईस मिलच्या दारात काटे लागतात. या प्रत्येक काट्यावर वैधमापन खात्याची मोहर असावी लागते. तो ठरावीक मुदतीने पडताळून घ्यावा लागतो आणि बिनमोहरेचा काटा वापरणारा व्यापारी शिक्षेस पात्र ठरतो. पोत्यामागे किलो-दोन किलो धान मारले जाऊ नये म्हणून कायद्याने घेतलेली ही दक्षता योग्यच आहे. परंतु त्याच शेतकऱ्याचा शिक्षक झालेला मुलगा घर घेण्यासाठी बँकेकडे कर्ज मागतो, तेव्हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीचे मोल एका मूल्यांकनकाराच्या सहीने ठरते. या मूल्यांकनकाराने कोणती परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी, कोणाकडे नोंद केलेली असावी आणि चूक झाल्यास कोणापुढे जाब द्यावा, हे सर्व घरांच्या बाबतीत सांगणारा एकही कायदा देशात नाही. धान तोलणाऱ्या काट्याला मोहर आणि घर तोलणाऱ्या माणसाला मोकळीक, अशी ही विसंगती आहे.

व्यवहारात ज्याला व्हॅल्युअर म्हणतात, तो हा माणूस बँकेच्या सांगण्यावरून जागेवर येतो, मोजमापे घेतो, कागदपत्रे व आसपासचे दर पाहतो आणि आपला अहवाल बँकेला देतो. त्याच्या एका आकड्यावर किती अवलंबून असते, हे साध्या हिशेबाने कळेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. समजा, एखाद्या लिपिकाने २० लाखांत घर ठरविले. मूल्यांकन तेवढेच झाले तर त्याला १८ लाख मिळू शकतात आणि मुद्रांक शुल्काचा खर्च सोडला तर २ लाखांची तजवीज त्याने करावयाची असते. मूल्यांकन १७ लाखांचे झाले, तर कर्ज १५ लाख ३० हजारांवर येते आणि पदरची रक्कम ४ लाख ७० हजारांवर जाते. मधले २ लाख ७० हजार भविष्य निर्वाह निधीतून, पत्नीच्या दागिन्यांतून नाही तर सावकाराकडून उभे करावे लागतात. ते न जमल्यास व्यवहार मोडतो आणि दिलेला इसारही बुडण्याचा धोका असतो.

याउलट चूक अधिक घातक, कारण ती लगेच दिसत नाही. १७ लाखांचे घर २० लाखांचे म्हणून कागदावर आले, तर विकणारा खूष असतो, कर्ज लवकर मंजूर झाले म्हणून घेणाराही समाधानी असतो. पुढे बदली, आजारपण किंवा कौटुंबिक अडचणीमुळे घर विकण्याची वेळ येते, तेव्हा तीन लाखांचे पोकळ मोल उघडे पडते. तोवर त्या पोकळीवर वर्षानुवर्षे व्याज भरले गेलेले असते. विशेष म्हणजे या अहवालाचे शुल्क सामान्यतः कर्जदाराकडूनच वसूल होते, परंतु अहवाल बँकेच्या दप्तरी जातो. ज्याने पैसे मोजले त्याला आपल्या घराविषयी काय लिहिले गेले हे बहुधा वाचावयासही मिळत नाही.

मूल्यांकनाला एवढे विशेष ज्ञान कशाला हवे, शासनाचे वार्षिक दर तक्ते आहेतच, असा प्रश्न कोणी करील. महाराष्ट्रात रेडी रेकनर या नावाने परिचित असलेले हे तक्ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी नोंदणी व मुद्रांक विभाग तयार करतो. ते विभागवार असतात, एकेका घरासाठी नसतात. एकाच दराच्या पट्ट्यात उंचावरचे कोरडे घर असते आणि पावसाळ्यात पाणी साचणारे घरही असते. तक्त्याला ती दोन्ही सारखी, खरेदीदाराला मात्र नव्हेत.

गोंदियासारख्या जिल्ह्यात तर हा भेद पावलोपावली आड येतो. शहरालगत धानाच्या बांध्या बुजवून निवासी भूखंड पाडले जातात. वर्षानुवर्षे पाणी धरून ठेवण्यासाठीच राखलेली ही जमीन असते. तिच्यावर किती भर टाकली, पाया किती खोल गेला, पाण्याचा निचरा कोणीकडे होतो, यावर घराचे आयुष्य ठरते. वैनगंगा व बाघ नद्यांच्या काठच्या गावांत पुराची रेषा पाहावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराची आठवण या भागात अजून ताजी आहे. शहरातील काही जागा नझुलाच्या भाडेपट्ट्यावर असतात. तेथे पट्ट्याची उरलेली मुदत व त्यातील अटी वाचल्याविना मोल सांगता येत नाही. खेड्यातील आबादीत मातीच्या भिंतींचे, कवेलूंचे घर पिढ्यान्‌पिढ्या उभे असते, पण हाती ग्रामपंचायतीच्या आकारणीचा उतारा तेवढा असतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने आबादीची मोजणी करून आखीव पत्रिका देण्याचे काम हाती घेतले, ते याच उणिवेमुळे. देवरी, सालेकसा यांसारख्या तालुक्यांत आदिवासींच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार अशी जमीन बिगर-आदिवासीला देण्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. खुल्या बाजाराचा भाव तिला जसाच्या तसा लावता येत नाही. ही सारी माहिती टेबलाशी बसून किंवा नागपुराहून एका दिवसाची फेरी मारून मिळत नाही.

असे असता कायद्याने या व्यवसायाकडे पाहिले ते नेहमी दुसऱ्याच कारणासाठी. संपत्ती करासाठी १९५७ चा कायदा झाला आणि १९७२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३४ अ ब घालून मूल्यांकनकारांच्या नोंदणीची सोय करण्यात आली. हेतू कर बुडू नये हा होता. ज्या संपत्ती करापायी ही नोंदणी आली, तो कर २०१६-१७ या आकारणी वर्षापासून रद्द झाला. पुढे कंपनी कायदा, २०१३ चे कलम २४७ व त्याखालील २०१७ चे नियम आले. जमीन व इमारती या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांची पदवी व पाच वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त संस्थेचे सदस्यत्व, पन्नास तासांचा अभ्यासक्रम आणि दिवाळखोरी मंडळाची परीक्षा अशी चौकट त्यांनी घालून दिली. चौकट चांगली आहे, परंतु ती कंपन्यांच्या व दिवाळखोरीच्या कामापुरती. दिवाळखोर कारखान्याच्या गोदामाचे मोल नोंदणीकृत माणसानेच ठरविले पाहिजे. शिक्षकाच्या दोन खोल्यांना तो नियम लागू नाही.

बँकांपुरते बोलायचे तर रिझर्व्ह बँकेने ४ जानेवारी २००७ च्या परिपत्रकाने संचालक मंडळाने संमत केलेले धोरण आखावे, स्वतंत्र व पात्र मूल्यांकनकारांची यादी ठेवावी आणि ५० कोटी रुपये वा अधिक मूल्याच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत, असे सांगितले. म्हणजे मोठ्या मालमत्तेला दोन डोळे आणि लहान घराला एक. ही यादी बँकेची असते. तीत घेणे वा तीतून वगळणे बँकेच्या हाती असल्याने मूल्यांकनकाराचे हित तिला रुचेल असा आकडा देण्यात गुंतते. एका यादीतून वगळलेला माणूस दुसरीत शिरू शकतो. या उलट घरविक्रीतील दलालाची स्थिती पाहावी. स्थावर संपदा कायदा, २०१६ अन्वये त्याला नोंदणी करावी लागते आणि महारेराने २०२३ पासून दलालांसाठी पात्रता परीक्षाही ठेवली आहे. घर दाखविणाऱ्याची परीक्षा होते, घराचे मोल सांगणाऱ्याची होत नाही.

केंद्र सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. त्याने नेमलेल्या, एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये मूल्यांकनकारांसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा सादर केला आणि या व्यवसायाच्या नियमनासाठी राष्ट्रीय संस्था सुचविली. मसुद्यावर सूचना मागविण्यात आल्या. कायद्याच्या पुस्तकात मात्र त्याचे पान उमटले नाही.

परदेशाचा अनुभव येथे दोन्ही बाजूंनी बोधक आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात शेकडो बचत-कर्ज संस्था बुडाल्या. फुगविलेली मूल्यांकने हे त्यामागील एक कारण होते. म्हणून १९८९ च्या कायद्याने राज्याराज्यांतून मूल्यांकनकारांना परवाने देण्याची व्यवस्था झाली. निवासी घरांचा परवाना मिळविण्यासाठी तेथील २०१८ च्या निकषांनुसार १५० तासांचे शिक्षण व एक हजार तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. परंतु अनुभव जुन्या परवानाधारकाच्या हाताखालीच घ्यायचा, आणि शिष्य घडविणे म्हणजे स्पर्धक घडविणे, या विचाराने ज्येष्ठांनी हात आखडता घेतला. विरळ वस्तीच्या भागांत मूल्यांकनकार मिळेनासे झाले आणि २०१९ मध्ये नॉर्थ डकोटा या राज्याला परवान्याच्या अटीतून तात्पुरती सूट द्यावी लागली. त्याच देशाने २०१४ पासून आणखी एक नियम लागू केला. घर तारण ठेवून कर्ज मागणाऱ्याला मूल्यांकनाची प्रत विनामूल्य देणे सावकार संस्थेवर बंधनकारक झाले.

परवाना म्हटला की आपल्याकडे कपाळाला आठी पडते आणि ती अकारण नाही. परवाना-पद्धतीने उद्योगांचे काय केले याची स्मृती अद्याप पुसलेली नाही. नवा परवाना म्हणजे नवे कार्यालय, नवा शिक्का आणि नवा हेलपाटा, ही भीती खरी आहे. सालेकशाच्या घरासाठी नागपूरचा माणूस आणावा लागला तर त्याचा प्रवासखर्च अखेर कर्जदाराच्याच माथी बसेल, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु या आक्षेपांतून परवाना नको हे सिद्ध होत नाही, तो कसा असावा हे ठरते. वैद्य, वकील, औषधविक्रेता यांच्याबाबत हा वाद केव्हाच मिटला आहे. जेथे सामान्य माणसाला कामाचा दर्जा स्वतः पारखता येत नाही आणि चुकीची किंमत आयुष्यभर मोजावी लागते, तेथे पारख करण्याची जबाबदारी समाजाने उचलावी लागते.

तेव्हा तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली ही की रखडलेल्या कायद्याला गती देऊन गृहकर्जासाठी होणारे मूल्यांकन त्याच्या कक्षेत आणावे. नोंदवही एकच व सर्वांना पाहता येईल अशी असावी, आणि एका बँकेने गैरप्रकारासाठी वगळलेला माणूस चौकशी होईपर्यंत दुसरीकडे काम करू शकू नये. दुसरी ही की परवान्याला पायऱ्या असाव्यात. गोंदियात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील स्थापत्य पदविकाधारकाला, पुरेसा अनुभव व परीक्षा यांच्या बळावर, ठरावीक मूल्यापर्यंतच्या निवासी घरांपुरता परवाना मिळण्यास हरकत नसावी. आखीव पत्रिका, नझूल, आबादी व पूररेषा यांचे ज्ञान त्याच्या परीक्षेत असावे, आणि अनुभवाची सोय ज्येष्ठांच्या मर्जीवर न सोडता शासनाच्या नगररचना मूल्यांकन शाखेतही करावी. तिसरी, आणि सर्वांत सोपी, ही की अहवालाची प्रत कर्जदाराला हक्काने मिळावी. तीत कोणत्या व्यवहारांशी तुलना केली आणि घट वा वाढ कशासाठी धरली, हे त्याला कळेल अशा मराठीत नमूद असावे. यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाने हे साधू शकते.

तोवर घर घेणाऱ्यांनीही गप्प बसू नये. मूल्यांकनकार येईल त्या दिवशी स्वतः जागेवर हजर राहावे, मोजमापे आपल्या वहीत टिपावीत, भूखंड पूर्वी बांधी होता की काय हे शेजाऱ्यांना विचारावे आणि अहवालाची प्रत बँकेकडे लेखी मागावी. मागणी नाकारली गेली तर नकारही लेखी घ्यावा. बाजार समितीत धान तोलले जात असता शेतकरी काट्यावरची नजर हटवीत नाही. तरीही त्या काट्यावर मोहर लागते, कारण नजर ठेवण्याचे सारे ओझे एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. तेच तत्त्व त्याच्या मुलाच्या घरालाही लागू केले पाहिजे.