गौतमी पाटीलच्या कार्यक्रमातला गोंधळ: दोष नाचणारीचा की पाहणाऱ्यांचा?

जत्रा, दहीहंडी किंवा पुढाऱ्याचा वाढदिवस. गौतमी पाटीलचा कार्यक्रम ठरला की दोन बातम्या हमखास येतात. आधी गर्दीची, मग गोंधळाची. खुर्च्या मोडतात, पोलिसांना लाठी उगारावी लागते. दुसऱ्या दिवशी चर्चा मात्र गौतमीच्या हावभावांचीच.

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची ही मुलगी पुण्यात आली, नाचाच्या कार्यक्रमांत शिरली आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी घराघरात पोहोचली. २०२२ मध्ये तिच्या काही हावभावांवर टीका झाली. सुरेखा पुणेकर, मेघा घाडगे यांसारख्या कलावंतांनी, यामुळे लावणी बदनाम होते, असा आक्षेप घेतला. गौतमीने माफी मागितली. आपला कार्यक्रम लावणीचा नसून डीजे शो आहे, असेही नंतर सांगितले.

आक्षेप खोटा नव्हता. लावणीत गाणारा गळा लागतो, ढोलकीशी जुगलबंदी लागते, बैठकीच्या लावणीत तर नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी अर्थ सांगावा लागतो. रेकॉर्डवर नाचणे ही वेगळी गोष्ट. पण वेगळी म्हणजे गुन्हा नव्हे.

गुन्हा घडला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडकीला आला. कपडे बदलताना गौतमीचे चोरून चित्रीकरण झाले आणि तो व्हिडिओ पसरवला गेला. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पोलिसांत तक्रार झाली.

कायदा काय म्हणतो?

आजच्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य करणाऱ्याला कलम २९६ नुसार जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणाऱ्याला किंवा ते पसरवणाऱ्याला कलम ७७ नुसार पहिल्याच वेळी किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षे. दुसऱ्यांदा सापडला तर तीन ते सात वर्षे. कोणता अपराध मोठा, हे कायद्याने इतके स्पष्ट ठरवले आहे. गावच्या पारावर हिशेब उलटा लागतो. तो व्हिडिओ पुढे पाठवणारेच संस्कृती बुडाल्याची तक्रार करतात, हे विशेष.

परभणीकरांना स्टेजवरची बाई नवी नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, गाढवे, उंटांच्या बाजाराबरोबर लावणी महोत्सवही भरतो. तिथे जाऊन आलेला माणूस घरी खंडोबाचे दर्शन सांगतो, लावणीचे सांगत नाही. हा दुटप्पीपणा जुना आहे, आणि त्याची किंमत कलावंतिणींनी मोजली आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. बाळंतपण उरकून पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई म्हणून त्यांची कहाणी आजही सांगितली जाते. त्याच विठाबाईंना अखेरच्या आजारपणात मदतीसाठी लोकांकडे पाहावे लागले. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

बंदी हा उपाय महाराष्ट्राने करून पाहिला आहे. २००५ मध्ये डान्सबार बंद झाले. तीन आणि त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. नाच श्रीमंतांसमोर झाला तर चालतो आणि गरिबांसमोर झाला की नीती बिघडते, हा भेद न्यायालयाला पटला नाही. बंदीने हजारो बायकांची रोजी गेली, तीही परत आली नाही.

गौतमीच्या मानधनावर कीर्तनकार इंदुरीकर महाराजांनीही बोट ठेवले होते. पैसे मात्र आयोजक देतात, कारण गर्दी त्यांना हवी असते. मग त्या गर्दीची जबाबदारीही त्यांचीच. जत्रांच्या हंगामात परवानगीचा अर्ज करणाऱ्या यात्रा कमिटीला आणि मंडळांना पोलिसांनी चार गोष्टी आधी विचाराव्यात: कलावंतांना कपडे बदलायला चारही बाजूंनी बंद, कडी असलेली खोली आहे का? स्टेज आणि प्रेक्षक यांच्यात मजबूत कठडे आहेत का? गाडीपर्यंत जायचा वेगळा रस्ता कुठून आहे? आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करणार कोण, त्याचे नाव काय?