वॉशिंग्टनच्या अलीकडचं सरकार



१७ सप्टेंबर या तारखेचं महत्त्व आपल्यातल्या नांदेड, लातूर, परभणीकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. १९४८ साली त्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली आणि मराठवाडा मोकळा झाला. त्याच तारखेला, १७८७ साली, इथून, म्हणजे न्यू जर्सीहून, तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या फिलाडेल्फियात ३९ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेनं या दिवशी मुलांना घटनेविषयी काहीतरी शिकवावं, असा कायदा २००४ मध्ये झाला. मुलांना निदान तेवढं तरी मिळतं. हे संपादकीय आपल्या मोठ्यांसाठी आहे.

दरवर्षी आपल्या मराठी मंडळातली काही कुटुंबं नागरिकत्वाची शपथ घेतात. त्याआधी महिनाभर घरात प्रश्नोत्तरांची उजळणी चालते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची तयारी करावी लागते. मुलाखतीत त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. सिनेटर किती? १००. प्रतिनिधिगृहात किती? ४३५. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती? नऊ. घटनादुरुस्त्या २७. आपली मंडळी अभ्यासू, त्यामुळे नापास सहसा कुणी होत नाही. पण शपथविधीचे फोटो निघाले, पेढे वाटून झाले की आपलं नागरिकत्व चार वर्षांतून एकदा जागं होतं, तेही व्हाइट हाउसच्या निवडणुकीपुरतं. मधल्या काळात वॉशिंग्टनमध्ये कोण काय म्हणालं यावर आपल्या जेवणावळींत तासन्‌तास वाद रंगतात, आणि आपल्या टाउनशिपच्या महापौरांचं नाव विचारलं तर पंगतीत शांतता पसरते. याची मला मनापासून काळजी वाटते, कारण ज्या सरकारशी आपला रोज संबंध येतो ते वॉशिंग्टनच्या बरंच अलीकडे आहे.

प्रॉपर्टी टॅक्सचं बिल एकदा शांतपणे समोर घेऊन बसा. आपण खालची बेरीज पाहतो, उसासा टाकतो आणि चेक लिहितो. वरच्या ओळी मात्र वाचत नाही. एक ओळ कौंटीची, एक टाउनशिपची, एक बहुधा वाचनालयाची, आणि या सगळ्यांहून मोठी ओळ शाळेची. न्यू जर्सीत या कराचा साधारण निम्मा वाटा शाळांकडे जातो. बिलावरची जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या मंडळानं सभेत मत टाकून ठरवलेली असते, आणि ती सभा तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, तुम्हाला आत येऊ देऊन झालेली असते. वॉशिंग्टनचा यात एका आकड्यापुरताही हात नाही.

असं का, याचं उत्तर घटनेतच आहे. दहावी दुरुस्ती सांगते की जे अधिकार घटनेनं केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. भारतात याच्या नेमकं उलट आहे. तिथे केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची अशी वाटणी आहे आणि उरलेले सगळे अधिकार, म्हणजे शेषाधिकार, केंद्राकडे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना ही तुलना सविस्तर केली होती. अमेरिकेत केंद्राचं आणि राज्याचं असं दुहेरी नागरिकत्व आहे, राज्यांना स्वतःच्या घटना आहेत; भारताला एकच घटना आणि एकच नागरिकत्व हवं, अशी त्यांची मांडणी होती. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसानं अमेरिकेची रचना जवळून पाहून, विचारपूर्वक वेगळा रस्ता धरला. आपण मात्र त्या वेगळ्या रस्त्यावर वाढलो आणि मग इथे आलो. म्हणून आपली नजर सवयीनं राजधानीकडे जाते. दिल्लीनं ठरवलं की झालं, तसं वॉशिंग्टननं ठरवलं की झालं, असं आपण धरून चालतो.

इथे तसं होत नाही, आणि आपल्यातल्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे: न्यू जर्सीत वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेल्यालाही टेक्सासला जायचं तर तिथलं लायसन्स काढावं लागतं. लग्नाचा परवाना, गाडीचा परवाना, घरामागे डेक बांधायची परवानगी, पोलीस, बहुतेक गुन्ह्यांचे कायदे, हे सगळं राज्याचं किंवा राज्यानं खाली सोपवलेलं.

आणि शाळा. मुलांच्या शिक्षणासाठी घरं बदलणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावं की अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. शिक्षण हा संघीय घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. आपल्या मुलांचा हक्क आहे तो न्यू जर्सीच्या घटनेत. पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची परिपूर्ण आणि कार्यक्षम व्यवस्था राज्यानं चालवली पाहिजे, अशा आशयाचं कलम तिथे १८७५ पासून आहे. गरीब शहरांतल्या शाळांना पुरेसा पैसा मिळावा म्हणून जी ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ची कायदेशीर लढाई राज्यात दशकानुदशकं चालली, ती याच कलमाच्या आधारावर. तिचे निकाल राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला लागले.

राज्यांचा हा मान आपोआप आलेला नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसननं उठून छोट्या राज्यांची बाजू मांडली की प्रत्येक राज्याला समान मत हवं. शेवटी १६ जुलैला तडजोड झाली: एका सभागृहात लोकसंख्येचं वजन, दुसऱ्यात राज्यांची बरोबरी. आज सुमारे ३ कोटी ९० लाखांच्या कॅलिफोर्नियाला दोन सिनेटर आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच, याचं मूळ त्या तडजोडीत आहे. मला हे प्रमाण आजच्या काळात न्याय्य वाटत नाही. पण ते बदलणंही जवळजवळ अशक्य आहे, कारण राज्याच्या संमतीशिवाय सिनेटमधली त्याची बरोबरी काढून घेता येणार नाही, असं घटनाच सांगते. आपल्या पॅटरसन शहराला नाव मिळालं ते याच पॅटरसनचं.

अध्यक्ष, काँग्रेस, न्यायालय ही तीन अंगं सगळ्यांना पाठ असतात. ती एकमेकांना कशी अडवतात आणि सावरतात हे मात्र आपल्याच इतिहासात पाहावं. १७९० च्या कायद्यानं बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींना नागरिक होता येत होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागितलं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की या कायद्याच्या अर्थानं ते गोरे नाहीत. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्वही सरकारनं काढून घेतलं. न्यायालयानं लावलेलं दार पुढे काँग्रेसनं उघडलं, कारण नागरिकत्वाचे नियम करण्याचा अधिकार घटनेच्या पहिल्या कलमानं तिला दिलेला आहे. १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली आणि वर्षाला जेमतेम १०० जणांना येण्याची. दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. मग १९६५ चा कायदा झाला, देशनिहाय जुना कोटा गेला, आणि आपल्यातले बहुतेक जण ज्या वाटेनं आलो ती वाट खुली झाली. त्याच काँग्रेसनं त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदाही केला, ज्यासाठी सेल्मामध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी रक्त सांडलं होतं. आपल्या इथे असण्यात त्यांच्या लढ्याचा मोठा वाटा आहे. हे आपल्या मुलांना आपणच सांगायला हवं. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून त्याच प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, तेव्हा मराठी घरांतून फोनाफोनी झाली. त्या आनंदामागे थिंड आणि सेल्मा दोन्ही आहेत.

आता ज्युरीचं बोलू. कोर्टाचं समन्स आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो: टाळायचं कसं? भारतात ज्युरीची आठवण म्हणजे नानावटी खून खटला. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं ‘निर्दोष’ म्हटलं, उच्च न्यायालयानं ते फिरवलं, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्यामुळे ज्युरी म्हणजे भावनेच्या भरात वाहून जाणारी माणसं, असा आपला ग्रह आहे. इथे गंभीर फौजदारी गुन्ह्यात ज्युरीचा निकाल एकमतानंच लागला पाहिजे. राज्यांनाही हे बंधन आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं. आठ विरुद्ध एक इथे चालत नाही. एकाची शंका बाकीच्या अकरांना बसून ऐकावी लागते. ज्या माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलं आहे त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांतून निवडलेल्या माणसांसमोर उभं राहता यावं, ही यामागची कल्पना, आणि आपण या गावचे शेजारी आहोत. आपले उच्चार वेगळे असतील, पण ते काही कारण होत नाही. भाषेपुरतं म्हणाल तर इंग्रजी वाचता आणि समजता आलं की पुरतं. समन्स आलं तर जा.

गेल्या हिवाळ्यात मंडळातल्या एका ताईंनी जे केलं ते इथे लिहिलंच पाहिजे. त्यांच्या गल्लीतल्या मुलांची शाळेची बस बंद होणार होती. राज्याच्या कायद्यानुसार प्राथमिक शाळेतल्या मुलाचं घर दोन मैलांहून लांब असेल तरच बस देणं बंधनकारक आहे, आणि यांची गल्ली त्या अंतराच्या आतली. बसचा खर्च डिस्ट्रिक्ट खुशीनं करत होतं, तो बजेटमधून निघाला. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर संताप झाला. मग ताईंनी स्कूल बोर्डाच्या सभेचा अजेंडा उघडला. १९७५ च्या राज्य कायद्यामुळे नियमित सभांच्या तारखा आधीच जाहीर कराव्या लागतात, वेळापत्रकाबाहेरच्या सभेचीही सहसा निदान ४८ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि स्कूल बोर्डाला लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो.

सभा होती मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात. समोर बोर्डाचे सदस्य, कडेला वकील आणि सुपरिंटेंडंट, मध्ये स्टँडवर माइक. वक्त्याला तीन मिनिटं. ताईंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि चार फोटो पुढे केले: गल्लीतून शाळेकडे जाणारा रस्ता, त्याला फुटपाथ नाही, सकाळी साडेसातला त्यावर ट्रक, आणि बर्फ साचल्यावर चालायला उरलेली दीड हात जागा. आवाज थरथरत होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं. त्या रात्री काहीच ठरलं नाही. पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर मात्र तो रस्ता छापून आला. पोलिसांच्या ट्रॅफिक विभागानं पाहणी केली, आणि लहान वर्गांसाठी बस राहिली. मोठ्या मुलांची गेली. त्यासाठी ताई आता टाउन कौन्सिलकडे फुटपाथ मागताहेत, कारण फुटपाथ हा कौन्सिलचा विषय आहे, बोर्डाचा नाही. कुठला दरवाजा कुणाचा, हे त्यांना आता आपल्या मंडळाच्या संपूर्ण कार्यकारिणीपेक्षा जास्त कळतं.

ज्या बोर्डासमोर त्या उभ्या राहिल्या त्याचे सदस्य तीन वर्षांसाठी निवडले जातात, त्यांना पगार नसतो, मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नसतो आणि उभं राहायला मूठभर मतदारांच्या सह्या पुरतात. आपल्या गणेशोत्सवाचं बजेट, हॉलचं भाडं, स्वयंसेवकांचे रुसवेफुगवे वर्षानुवर्षं सांभाळणारी माणसं आपल्यात आहेत. त्यांनी हे काम का करू नये? मंडळ ही धर्मादाय संस्था असल्यामुळे कुठल्याही उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात तिला उभं राहता येत नाही, आणि राहणारही नाही. सदस्यानं स्वतःच्या नावानं उभं राहायला मात्र काहीच आडकाठी नाही.

तर या वर्षी गणपतीत प्रसादाच्या टेबलाशेजारी मतदार नोंदणीचं टेबल असेल. न्यू जर्सीत नोंदणी मतदानाच्या २१ दिवस आधी झालेली असावी लागते, म्हणजे नोव्हेंबरच्या मतदानासाठी ऑक्टोबरच्या मध्याच्या आत. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असलेल्यांनी चुकूनही हा फॉर्म भरू नये. मोटर व्हेइकल कमिशनच्या खिडकीवर किंवा आणखी कुठे विचारलं तरी ‘मी नागरिक नाही’ असं स्पष्ट सांगावं. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केल्यास पुढे नागरिकत्वच काय, इथे राहणंही धोक्यात येऊ शकतं. त्यांच्यासाठी त्याच टेबलावर दुसरा कागद ठेवलेला असेल. त्यावर आपल्या आसपासच्या टाउनशिपांच्या कौन्सिलच्या आणि स्कूल बोर्डांच्या सभांच्या तारखा, वेळ आणि जागा आहेत. तिथल्या माइकसमोर बोलायला पासपोर्ट कुठला आहे हे कुणी विचारत नाही.