दगड आज, मासे सवा महिन्याने

कापडाच्या दुकानदाराने माशांच्या टाकीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रकार आमच्याच घरात घडला आणि त्यात धंद्याचा प्रश्न आहे, म्हणून लिहीत आहोत.

आमच्या भाच्याने आरमोरीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. मोठ्या शहरातील एका दुकानातून टाकी, मीठ, कोरडा दगड आणि सात मासे त्याने एकाच दिवशी, एकाच बिलावर आणले. आठव्या दिवशी एकही मासा उरला नाही. दुकानदार म्हणाला, पाणी खराब असेल. पाणी खराब नव्हते, कच्चे होते.

आपल्या आरमोरीत कोशाचे काम करणाऱ्यांना हे लवकर समजेल. कोसा सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय तार सुटत नाही. दगडाचेही तसेच. त्याच्या छिद्रांत जुनी मेलेली घाण असते. तो घासून, धुऊन, वेगळ्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात अंधारात ठेवावा लागतो. पंप चालू ठेवायचा आणि कुजका वास जाईपर्यंत दर आठवड्याला पाणी बदलायचे. मीठ स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्राचे क्षार मिसळलेले तयार मीठ 100 लिटरला साधारण 3.5 ते 4 किलो लागते.

त्यानंतरचे काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विष आहे. दगडावर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते मासे बऱ्याच अंशी सोसतात. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते आठ आठवडे जातात. मासे न सोडता लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया घालायचा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार समजावी. पंप बराच वेळ बंद राहिला तर जिवाणू गुदमरतात. आमच्याकडच्या मे महिन्यात पाणी थंड ठेवण्याचा खर्च वेगळाच, तोही गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवा.

आता दुकानदार म्हणेल, "थांबा म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते." खरे आहे, आम्हीही गल्ल्यावर बसून हे भोगले आहे. पण कच्च्या रंगाचा कपडा विकून पहिल्या धुण्यात गमावलेले गिऱ्हाईक परत आल्याचे आम्ही पाहिलेले नाही. सात माशांचे पैसे त्या दुकानाला मिळाले आणि भाचा कायमचा गेला. त्याऐवजी त्याने दगड, मीठ आणि पाणी तपासण्याचे औषध देऊन माशांची नुसती आगाऊ रक्कम घेतली असती, तर भाचा पाच वेळा त्याच्या पायरीवर चढला असता.

आणखी एक गोष्ट या धंद्यातील बांधवांनी ध्यानात ठेवावी. दगड म्हणून समुद्रातील प्रवाळ विकत घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली प्रवाळ घातले गेले. म्हणजे आमच्या जंगलातील वाघ ज्या यादीत, त्याच यादीत ते वाळलेले पांढरे तुकडे! सिमेंटचा किंवा भाजलेल्या मातीचा दगड घ्यावा, आणि पक्क्या बिलावर घ्यावा. भट्टी चालवणाऱ्या आपल्या कारागिरांना यात काम आहे, असे आम्हाला वाटते. मात्र सिमेंटचा दगडही कित्येक आठवडे पाण्यात मुरवावा लागतो, नाहीतर पाण्याचा खार वाढतो.

भाच्याने दगड पुन्हा मुरवायला घातला आहे. ड्रम आमच्या गोदामामागे आहे, त्यामुळे ठाण जरा सरकवावे लागले. परवा पाचवा आठवडा पूर्ण झाला. "मामू, अमोनिया उतरला, नायट्राइट अजून आहे," असे तो सांगून गेला. माशांचे पैसे त्याने आमच्याकडेच ठेवले आहेत.