गाडी सपाट उभी करा, कारागिराचा हात वाचवा

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ज्यांचे पक्के दुकान आहे, त्यांना हा विषय किरकोळ वाटेल. परंतु खान्देशातील आपले कितीतरी बांधव आठवडे बाजार आणि यात्रांवर पोट भरतात. पूर्वी मॅटाडोर होती, 1986 नंतर टाटा 407 आली, आता पिकअप आहेत. गाडी बदलली, पण राहणी तीच राहिली. दिवसा गाडी म्हणजे दुकान आणि रात्री तीच घर. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे जमीन कोठे उंच, कोठे खोल, कोठे वाळू, तर कोठे काळी माती. अशा जागी गाडी कशी उभी करावी, हे आपल्यात कोणी कोणाला शिकवत नाही.

आम्हीही शिकलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत आमची गाडी एका अंगाला कलली होती. आम्ही जॅक लावून ती उचलली आणि चाकाखाली विटा सरकवायला सोबतच्या शिलाई कारागिराला सांगितले. रात्री पाऊस शिंतडला होता. जॅक मातीत रुतला, गाडी बसली आणि त्या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. चूक सर्वस्वी आमची होती. व्यापाऱ्याचा माल पुन्हा भरता येतो, पण कारागिराचा हात हीच त्याची पुंजी असते. त्या दिवसापासून आमचा तजुर्बा आम्ही प्रत्येकाला सांगतो.

पहिली गोष्ट, जागा उजेडी पाहा आणि पायी फिरून पाहा. आपली काळी माती उन्हात भेगाळते, ओली झाली की फुगते आणि मऊ पडते. काल घट्ट लागलेली जमीन आज तशीच असेल असे नाही. नदीच्या कडेपासून दूर राहा.

दुसरी गोष्ट, उतार डोळ्याने ठरवू नका. गवंड्याकडे असते तसली लहान पाणसळ गाडीत ठेवा. ती नसेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवा, पाणी खरे सांगते. दोन बाजूंच्या चाकांत पाच फुटांचे अंतर असेल आणि एक बाजू चार इंच खाली असेल, तर आठ फूट उंचीवरचे गठ्ठे सहा इंचांहून अधिक बाजूला झुकतात. मग दोरी सोडताच माल अंगावर येतो.

तिसरी गोष्ट, गाडी जॅकने सपाट करू नका. खालच्या बाजूच्या चाकांपुढे जाड, रुंद फळ्या पायरीसारख्या रचा आणि गाडी हळूहळू त्यांवर चढवा. मागे जोडचाके असतील तर दोन्ही टायर पूर्ण फळीवर बसले पाहिजेत. विटा आणि दगड वापरू नका. वीट फुटते, दगड निसटतो. इशारा देणाऱ्याने चालकाला दिसेल असे बाजूला उभे राहावे, मागे नव्हे.

चौथी गोष्ट, मग हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि उताराच्या बाजूने चाकांना लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच धरतो. मागचे एक चाक जरी हवेत उचलले, तरी गिअरची पकड सुटते आणि गाडी घरंगळू शकते. म्हणून जॅक फक्त पंक्चरसाठी, तोही खाली रुंद फळी ठेवून आणि इतर चाकांना ठोकळे लावून. जॅकवरच्या गाडीखाली कोणी शिरू नये, हात घालू नये.

पाचवी गोष्ट, एका बाजूचा माल उतरला किंवा पाऊस पडला की ठोकळे आणि फळ्या पुन्हा तपासा. गाडीखाली सावली किंवा ऊब मिळते म्हणून पोरांना तिथे झोपू देऊ नका.

एवढ्या सामानाचा खर्च दोन-चार साड्यांच्या किमतीइतका. तरीही आपण टाळतो, कारण खाली वाकणारा माणूस बहुधा मालक नसतो. हे कडू आहे, पण खरे आहे.

आता दुसरी बाजू. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीत राहून फिरणाऱ्या पर्यटकांसाठी गाड्या उभ्या करण्याच्या जागा विकसित करण्याचा विचार त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु पोटासाठी गाडीत राहणारा फेरीचा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्यांवर आहे, त्याचे काय? 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने आठवडे बाजारावर फी घेता येते, आणि ती आपण देतो. मग बाजाराच्या एका कडेला मुरूम टाकून, रोलर फिरवून गाड्यांपुरती पट्टी सपाट करून मागणे गैर नाही. बाजारकऱ्यांनी एकत्र येऊन ग्रामसभेत ही मागणी लेखी द्यावी, आणि पावती फाडणाऱ्याशी रोज हुज्जत घालण्यापेक्षा वर्षातून एकदा हे काम करून घ्यावे.

पण जमीन सपाट होईपर्यंत एहतियात आपल्याच हाती आहे. पुढच्या बाजाराला निघताना गठ्ठे मोजाल, तेव्हा चार फळ्या आणि चार ठोकळेही मोजा.