बास म्हणजे बास!

तर झालं असं की मागच्या शनिवारी आम्ही चौघं पहाटे साडेतीनला पुणं सोडून राहुरीला गेलो. मुळा धरण, म्हणजे बारागाव नांदूरचा ज्ञानेश्वर सागर. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाला आधी फोन केला होता, होडी ठरवली होती, लाइफ जॅकेटं घातली होती. सगळं रीतसर.

ज्यांनी हा प्रकार केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन बंद करायचं आणि होडी वाऱ्यावर सोडून द्यायची. वारा जास्त असेल तर पोत्यात दगड भरून दोरीनं मागे सोडायचं, म्हणजे होडी सावकाश वाहते. एका गळाला जिवंत आमिष लावून तो खोल सोडायचा. दुसऱ्या काठीनं खोटं आमिष (चमचा, लाकडी मासोळी किंवा रबरी बेडूक) लांब फेकून ओढत राहायचं. उन्हाळी आवर्तनं सुटून पाणी उतरलं की मासे नदीच्या जुन्या पात्राकडे सरकतात, मग त्या रेषेवरून वाहत जायचं. दोन-दोन तास काही होत नाही. आठवडाभर मीटिंगांत बसणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख नाही, असं माझं मत आहे.

त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत एक शिवडा आणि बऱ्याच चिलाप्या. मग आमच्यातला एक, जो तीन वर्षं टेक्सासात राहून आलाय, सुस्कारा टाकून म्हणाला, "च्यायला, इथं बास सोडायला पाहिजे रे. एकदा सोडला की बघ. टुर्नामेंट होतील, हॉटेलं येतील, गाववाल्यांना पैसे मिळतील. शिवाय तो ही चिलापी खाऊन टाकेल. एका दगडात दोन पक्षी!"

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. होडी वल्हवणारा भोई काही बोलला नाही. मी होडीत भांडलो, परतीच्या गाडीत भांडलो, आता इथं भांडतोय. कारण ही नुसती थट्टा राहिलेली नाही. गळ घेऊन बसणाऱ्या शहरी पोरांच्या गप्पांत हा विषय आता वरचेवर निघतो.

आधी बास हा काय प्राणी आहे ते बघू. लार्जमाउथ बास अमेरिकेतला, साचलेल्या पाण्यात सुखानं वाढणारा. नर तळाला खळगा करून घरटं बांधतो, अंड्यांवर आणि पिल्लांवर पहारा देतो. मोठा झाला की मासे, बेडूक, खेकडे, जे तोंडात मावेल ते खातो. आणि तोंड बरंच मोठं आहे, नावातच आहे ते.

आता जपानची गोष्ट ऐका. १९२५ साली एका हौशी उद्योगपतीनं अमेरिकेतून बास आणून आशी तळ्यात सोडला. हेतू चांगला होता, खायलाही होईल आणि खेळायलाही. सत्तरच्या दशकात तो जपानच्या सगळ्यात मोठ्या तळ्यात, बिवामध्ये पोचला. फक्त बिवातच सापडणारे मासे तिथं होते, त्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या जगणारे कोळी होते. देशी मासे घटत गेले. दोष एकट्या बासचा नव्हता, काठचं वेतासारखं गवतही गेलं होतं; पण बास आणि त्याच्या जोडीला आलेला ब्लूगिल यांनी मोठा हातभार लावला. २००३ पासून तिथल्या प्रांतानं नियम केला, की पकडलेला बास तळ्यात परत सोडायचा नाही. काठावर त्यासाठी खास पेट्या ठेवल्या! २००५ पासून देशभर कायदा आला.

तो ब्लूगिल कुणी आणला माहितीये? सम्राट अकिहितो यांनी. १९६० मध्ये ते युवराज असताना शिकागोच्या महापौरांनी भेट दिला होता. हे गृहस्थ स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. २००७ मध्ये त्यांनी त्याच बिवाकाठच्या प्रांतात जाहीरपणे खंत व्यक्त केली. म्हणजे खुद्द सम्राट, तोही माशांचा अभ्यासक, इथं चुकला. आणि आम्ही चौघं वीकेंडला आलेले जावा डेव्हलपर बरोबर ठरणार?

आणखी एक गंमत. २००९ साली मानाबू कुरिता नावाच्या गड्यानं बिवातून दहा किलोच्या वरचा बास काढला आणि १९३२ पासून अमेरिकेच्या नावावर असलेल्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्याच्या गळाला जिवंत आमिष काय होतं? ब्लूगिल! तळं जपानचं, शिकार अमेरिकेची, आमिषही अमेरिकेचं. माझा मित्र हा किस्सा कौतुकानं सांगतो. मला तो ऐकून पोटात गोळा येतो.

"अरे पण ते जपान." बरं, मग घरचं उदाहरण घ्या. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महाशीर माशाची पैदास होते, काम नावाजण्यासारखंच आहे. तिथली पिल्लं अनेक नद्यांत गेली, कावेरीतही गेली. ती आपल्या दख्खनची जात, तोर खुद्री. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली, आणि दख्खनच्या माशांना नावं देताना त्यानं इथल्या बोलीतलीच नावं घेतली. पण कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला बाक असलेला महाशीर होता. आपली खुद्री वाढत गेली, तो कमी होत गेला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. त्याची घसरण कशातून दिसली? गळवाल्यांनीच लिहून ठेवलेल्या नोंदींतून. देशी मासा, शेजारच्या राज्यात, चांगल्या हेतूनं सोडलेला, तरी हे झालं.

आता मित्राचा हुकमी एक्का: बास चिलापी खाईल. खाईल ना. पण बासला कुणी चिठ्ठी देणार आहे का, की बाबा रे, फक्त चिलापीच खा? चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, धोका दिसला की आत घेते. म्हणून तर ती सगळीकडे टिकली. आधी संपतील त्या बिचाऱ्या बारक्या देशी मासोळ्या. आणि संपेल बोटुकली. सोसायट्या पैसे मोजून कटला, राहू, मृगळची बोटुकली धरणात सोडतात. भोई आणि भिल्ल कुटुंबं थर्माकोलच्या चप्पूवर बसून, लाइफ जॅकेटशिवाय, वर्षभर त्यावर जगतात. त्यांचं बीज आमचा खेळ खाणार. वर आम्हीच सांगणार, की गाववाल्यांना पैसे मिळतील!

"कटला-राहू तरी कुठं मूळचे इथले?" हा प्रश्न मात्र खरा आहे. राहू, मृगळ उत्तरेकडच्या नद्यांतूनच आले. पण ते दुसऱ्या माशांची शिकार करत नाहीत आणि साचलेल्या धरणात सहसा नीट वितही नाहीत, म्हणून दरसाल बीज सोडावं लागतं. सोडणं थांबवलं की संख्या उतरते. बासचं तसं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा थेट प्रॉडक्शनवर टाकलेला बदल आहे, आणि रोलबॅक नाही. परदेशी मासा आणायला केंद्राची परवानगी लागते ती उगाच नाही.

हे सगळं मी एवढ्या तावातावानं का सांगतोय? कारण मीही हे पाप केलंय.

२०१९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातला एक छोटा पाझर तलाव पार कोरडा पडला होता. पावसानंतर गावातल्या पोरांनी वर्गणी काढून त्यात बोटुकली सोडली. तलाव तळापासून कोरडा झालेला, त्यामुळे त्यात काय आहे ते त्यांना अगदी नेमकं ठाऊक होतं. २०२१ च्या जानेवारीत आम्ही मुळेवरून परतताना तिथं चहा प्यायला थांबलो. गाडीत आमिषाची बादली होती, बॅटरीचा पंप लावलेली, त्यात वीसेक चिलापीची पिल्लं जिवंत उरलेली. मारवेनात. मी भूतदयेनं ती तलावात ओतली. फोटोसुद्धा काढला.

दोन वर्षांनी पुन्हा थांबलो, तर काठावरचे एक आजोबा म्हणाले, "काय सांगू साहेब, ह्या तळ्यात आता समदी चिलापीच. तळहाताएवढी व्हती अन् थांबती. कोन घेतंय तिला? पोरांनी बी सोडायचं सोडून दिलं."

मी त्यांना बादलीबद्दल सांगितलं नाही. चहाचे पैसे दिले आणि निघालो. ही गोष्ट पहिल्यांदा लिहितोय.

यातून काही शहाणपण आलं असेल तर ते एवढंच. आमिष त्याच पाण्यातलं वापरा आणि उरलेलं दुसऱ्या पाण्यात ओतू नका. घरच्या टाकीतला सकर मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडू नका. उजनीत तो कसा माजलाय ते जाळी फाटलेल्या माणसांना विचारा. आणि झटकाच हवा असेल तर मरळ आहे ना! शेवाळावरून रबरी बेडूक ओढा आणि ती पाणी फोडून वर येते तेव्हा काठी हातात राहते का बघा. फक्त पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर तिथं गळ टाकू नका. तेव्हा ती भुकेनं झेपावत नाही, पोरांसाठी झेपावते.

मित्र अजून रुसलाय. पुढच्या शनिवारी येणार नाही म्हणतो. येईल. होडीचे पैसे चौघांत वाटले तरच परवडतात. :)

पण बासचं नाव काढलं तर माझं उत्तर तयार आहे. बास. आता बास!